एका जिल्ह्यांतले दोन पाऊस

माणदेशांत पावसाची चौकशी करण्याची रीत निराळी आहे. पुण्यांत आपण ‘पाऊस पडला का?’ असें विचारतों. तिकडे ‘ओल किती गेली?’ असें विचारतात. आभाळांतून किती पाणी आलें यापेक्षां मातींत किती उतरलें, हा तेथील हिशेब. चार बोटें, वीत, हातभर, अशा मापांनीं तो सांगावयाचा, आणि सांगणारा बहुधा नुकताच बांधाशेजारीं माती उकरून पाहून आलेला असावयाचा. आमचें मूळ घर या मुलखांतलें, दहिवडीपासून थोडें पूर्वेस. माझे धाकटे चुलते तात्या, थोरले बंधू, वहिनी आणि त्यांचीं मुलेंनातवंडें असा बारा माणसांचा संसार तेथें अजून एका चुलीवर चालतो. मी नोकरीच्या निमित्तानें पुण्यास गेलों तो तिकडचाच झालों. परंतु शेतींतल्या गोष्टींत दुरून सल्ला देण्याची संवय मात्र सुटली नाहीं, आणि हा लेख त्या संवयीमुळेंच लिहावा लागत आहे.

गेल्या वर्षीं मृग कोरडा गेला. आर्द्रा निघण्याच्या सुमारास एके सकाळीं वर्तमानपत्रांत ठळक मथळा पाहिला: सातारा जिल्ह्यांत चार दिवस मुसळधार पाऊस. मीं तत्काळ तात्यांना फोन केला व सांगितलें कीं, आतां थांबूं नका, धूळपेरणी करून टाका, म्हणजे पहिलें पाणी बियांस लागेल. तात्यांचें वय एकोणऐंशी. त्यांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, “घाटमाथ्यावर कीं आपल्याकडे?” मीं शहरी ऐटींत उत्तर दिलें, “जिल्ह्यांत म्हटलें आहे तात्या. आपण जिल्ह्याबाहेर आहों का?”

नऊ एकरांत बाजरी पेरली गेली. त्या चार दिवसांत महाबळेश्वरीं आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. आमच्याकडे एका संध्याकाळीं अर्धा तास भुरभुर आली, तेवढीच. त्या भुरभुरीनें बियांना मोड आले, आणि पुढें दहा दिवस ऊन व सोसाट्याचा वारा यांनीं ते कोंभ करपून गेले. बियाणें, खत आणि ट्रॅक्टरचें भाडें यांस लागलेले पैसे वहिनींनीं नातीच्या कॉलेजच्या फीसाठीं बाजूस ठेविलेले होते, हें मला मागाहून कळलें. घरांतलें कोणी मला एक शब्दानें बोललें नाहीं. “भावोजी, तुमचा काय दोष? आभाळच तसें,” असें वहिनी म्हणाल्या, आणि तें ऐकण्यापेक्षां कोणी चार शब्द सुनावले असते तर बरें, असें मला झालें.

आषाढांत मी गांवीं गेलों. दुबार पेरणी करावी कीं न करावी हा प्रश्न घरापुढें होता. बाजरी जुलैअखेरपर्यंत पेरतां येते. पण पुन्हां कोंभ जळले तर रब्बीच्या ज्वारीलाहि पैसा उरावयाचा नाहीं. रात्रीं ओसरीवर बसलों असतां तात्या एकाएकीं म्हणाले, “ज्या पावसानें आपल्याला फसविलें तो आहे तरी कुठें, एकदां पाहून येऊं. कृष्णामाईचें उगमस्थानहि माझें पाहावयाचें राहिलें आहे.” साऱ्या जन्मांत तात्या पंढरपुरास शेंकडों वेळां गेले, परंतु पश्चिमेकडे साताऱ्याच्या पलीकडे त्यांचें पाऊल पडलें नव्हतें. दुसरे दिवशीं सकाळच्या एस. टी. नें आम्ही निघालों.

गोंदवल्यास महाराजांच्या समाधीचें दर्शन घेऊन पुढच्या गाडींत बसलों. आभाळ मोकळें नव्हतें, हें येथें सांगितलें पाहिजे. माणदेशांत पावसाळ्यांत आभाळ मोकळें नसतेंच. कापसाच्या पेळूंसारखे पांढरे ढग पश्चिमेकडून पूर्वेकडे एकामागून एक धांवत होते, आणि त्यांच्या सावल्या उघड्या माळांवरून, मेंढरांच्या कळपांवरून आणि आमच्यासारख्यांच्या पेरलेल्या व वाळलेल्या शेतांवरून सरकत जात होत्या. “दोन महिने हें असेंच चालतें,” तात्या म्हणाले. “रोज वरात जाते, पण आपल्या दारीं थांबत नाहीं.”

गाडींत त्यांनीं खिशांतलें पंचांग काढिलें. पावसाच्या नक्षत्रांस वाहनें असतात हें वाचकांस ठाऊक आहेच. सूर्य नक्षत्रांत प्रवेश करितो त्या वेळीं चंद्र कोणत्या नक्षत्रीं आहे हें मोजून त्या संख्येस नवांनीं भागावयाचें, आणि बाकीवरून बेडूक, म्हैस, हत्ती, मोर, गाढव वगैरे ठरवावयाचें. बेडूक, म्हैस, हत्ती आले कीं पाणी भरपूर. पुनर्वसूचा पाऊस ‘तरणा’ आणि पुष्याचा ‘म्हातारा’, हीं नांवें तर आमच्या घरांतल्या मुलांनाहि पाठ आहेत. मीं तात्यांस म्हटलें कीं, पंचांग सगळ्या महाराष्ट्राला एकच. तेव्हां महाबळेश्वरीं आणि म्हसवडीं वाहन एकच निघावयाचें. तात्या चष्म्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाले, “आणि तुझें वर्तमानपत्र?” यावर मजजवळ उत्तर नव्हतें.

खरें पाहतां, पाऊस मुलखागणिक वेगळा असतो ही गोष्ट आपल्या पूर्वजांस चांगली ठाऊक होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठारापुढें अरत्नीभर रुंद तोंडाचें भांडें ठेवून पाऊस मोजावा असें सांगितलें आहे, आणि कोणत्या देशीं किती द्रोण पाऊस पडतो याचे आंकडेहि दिले आहेत: कोरड्या जांगल देशांत सोळा, अवंतींत तेवीस, आणि अपरांतांत, म्हणजे आपल्या कोंकणपट्टींत, अमित! मोजणाऱ्यानें तेथें हातच टेकले. वराहमिहिरानेंहि बृहत्संहितेंत मेघांचें गर्भधारण, आणि तेथून १९५ दिवसांनीं होणारा प्रसव, यांवर स्वतंत्र अध्याय लिहिले; त्यांतला सिद्धांत आज कोणी मानीत नसला, तरी रोज आकाश पाहून टिपून ठेवण्याची जी शिस्त त्यामागें आहे ती कोणत्याहि वेधशाळेस शोभण्यासारखी आहे.

पुसेगांव मागें पडलें. कोरेगांवच्या आसपास शिवारें हिरवीं दिसूं लागलीं आणि तात्या खिडकीशीं सरकून बसले. साताऱ्यास उतरलों तेव्हां झिमझिम चालू होती, व अजिंक्यताऱ्याचा माथा ढगांत बुडालेला होता. तेथून पांचवडच्या फाट्यावरून वाईस जाईपर्यंत संध्याकाळ झाली.

वाईस मधल्या आळींत एका स्नेह्यांकडे मुक्काम केला. ते निवृत्त शिक्षक आहेत, आणि गेलीं अनेक वर्षें गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळीं साडेआठ वाजतां पाऊस मोजतात. देशांतल्या सरकारी वेधशाळांतहि चोवीस तासांच्या पावसाची मोजणी याच वेळीं होते. त्यांनीं तात्यांस प्रथम मिलिमीटर समजावून सांगितला, व तो इतक्या सोप्या रीतीनें कीं मलाहि तो त्या दिवशीं खरा कळला. पडलेलें पाणी वाहून गेलें नाहीं, मुरलें नाहीं, वाळलें नाहीं, तर जमिनीवर जेवढें उंच उभें राहील तेवढा पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब व एक मीटर रुंद जागेवर एक लिटर पाणी. एकरावर चार हजार लिटर. आणि उभ्या सरळ बाजूंचा कोणताहि डबा घेतला, तो अरुंद असो वा रुंद, तरी पाण्याची उंची तीच भरते; कारण तोंड मोठें असेल तर पाणी जास्त येतें, पण पसरतेंहि तेवढ्याच जास्त जागेवर. “मग आमच्या घरच्या पोह्यांच्या डब्यानेंहि काम होईल,” तात्या म्हणाले.

नंतर गुरुजींनीं तीन आंकडे सांगितले, आणि त्यांसाठींच ही यात्रा होती असें मला वाटलें. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं सुमारें साडेपांच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पांचगणी रस्त्यानें अवघी एकोणीस-वीस किलोमीटर, आणि उंचीहि फारशी कमी नाहीं. पण तेथें पाऊस अठराशेंच्या घरांत. पांचगणीहून घाट उतरून बारा-तेरा किलोमीटरांवर वाई, तेथें सातशें-आठशें. “आणि आमच्याकडे?” तात्यांनीं विचारलें. पांचशेंच्या आंतबाहेर, असें गुरुजींनीं सांगितलें. तात्या बराच वेळ बोटें मोजीत होते. “म्हणजे त्यांचा एक आणि आमचे बारा पावसाळे सारखे,” ते अखेर म्हणाले, “आणि दोघांचा कलेक्टर एकच.”

दुसरे दिवशीं सकाळीं ढोल्या गणपतीचें दर्शन घेऊन पसरणीचा घाट चढूं लागलों. खालीं कृष्णेचें खोरें हिरवेंगार पसरलें होतें. अर्ध्या घाटांत पोहोंचतांच खिडकीबाहेरचें सर्व जग एकदम पांढरें होऊन नाहींसें झालें. ड्रायव्हरनें दिवे लाविले, आणि तात्यांच्या चष्म्यावर बारीक दंव जमलें. “धुकें फार आहे,” ते म्हणाले. मीं सांगितलें कीं, हें धुकें नव्हे तात्या, हा ढग. सकाळीं वाईहून डोंगराच्या माथ्यावर टेकलेला दिसत होता तोच. आपण त्याच्या पोटांत शिरलों आहों. त्यांनीं खिडकीबाहेर हात काढून पाहिला, आणि ओला तळवा माझ्यापुढें धरून म्हणाले, “एवढेंच? मला वाटत होतें, आंत कांहीं तरी असेल.”

आंत असतें तें असें. हवेंत पाण्याची वाफ नेहमींच असते, पण ती दिसत नाहीं. हवा उष्ण असली तर तींत वाफ अधिक मावते, थंड झाली तर कमी: तीस अंशांच्या एक घनमीटर हवेंत सुमारें तीस ग्रॅम वाफ राहूं शकते, वीस अंशांवर सतराच ग्रॅम. म्हणजे वाफेनें भरलेली हवा दहा अंशांनीं निवाली कीं तेरा ग्रॅम पाणी बाहेर पडलेंच पाहिजे. तें पडतांना त्याला बसावयास कांहीं तरी आधार लागतो, आणि तो आधार हवेंत तरंगणारे धुळीचे, धुराचे व समुद्राच्या मिठाचे अतिसूक्ष्म कण देतात. अशा कणांभोंवतीं जमलेल्या थेंबुकल्यांचा मेळावा म्हणजे ढग. थेंबुकल्याची जाडी मिलिमीटराच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढी; तो सेकंदास जेमतेम एक सेंटिमीटर खालीं येतो, व वर चढणारा जरासा वाराहि त्याला उचलून धरतो. ढग पडत नाहीं तो याचमुळें. पावसाचा एक चांगला थेंब तयार व्हावयाचा तर असे सुमारें दहा लाख थेंबुकले एकत्र यावे लागतात. माणदेशावरून जी वरात रोज जाते तींत पाणी नाहीं असें नाहीं. तें एकत्र येत नाहीं इतकेंच.

आतां हवा निवते कशानें? सायकलच्या चाकांतली हवा सोडतांना ती बोटाला गार लागते, आणि पंप मारतांना नळी तापते, हें घरांतल्या मुलांस माहीत आहे. दाबलेली हवा तापते, मोकळी होऊन पसरलेली हवा निवते. हवा उंच जाऊं लागली कीं वर दाब कमी असल्यामुळें ती पसरते, आणि दर किलोमीटरास सुमारें दहा अंशांनीं निवत जाते. ढग धरूं लागला कीं वाफेंतली उष्णता मोकळी होऊन हें निवणें सहा अंशांच्या आसपास येतें. अरबी समुद्रावरून येणारा नैर्ऋत्येचा वारा दमट असतोच. पोलादपूरपासून महाबळेश्वरचा माथा सरळ रेषेंत वीस किलोमीटरांच्या आंतबाहेर आहे, आणि तेवढ्यांत त्या वाऱ्याला तेराशें मीटरांची भिंत चढून जावें लागतें. चार-पांचशें मीटर चढला न चढला तोंच त्यांत ढग धरूं लागतो, आणि पुढची सारी चढण तो ढगाच्या रूपानेंच चढतो. माथा ओलांडून वाईकडे उतरूं लागला कीं उलट क्रिया सुरू होते: हवा दाबली जाते, तापते, उरलेले थेंबुकले पुन्हां अदृश्य वाफ होतात. शिवाय पाण्याचा मोठा वांटा डोंगराच्या पदरांत पडून गेलेला असतो. पर्जन्यछाया म्हणतात ती हीच, आणि आमचें घर, शेत, आणि आमच्या शंभर पिढ्या त्या छायेंत वाढल्या आहेत.

महाबळेश्वरीं उतरलों तेव्हां दुपारचे बारा वाजले होते, पण उजेड संध्याकाळचा होता. पाऊस पडत होता असें म्हणणें पुरेसें नाहीं. पाऊस तेथें उभाच होता. वीज नाहीं, गडगडाट नाहीं, सरींवर सरी नाहींत. एका सुरांत, एका जोरानें, न थांबतां. याचेंहि कारण आहे. घाटमाथ्यावरचे पावसाळी ढग बहुतांशीं बुटके असतात. पांच-साडेपांच किलोमीटरांवर जेथें पाणी गोठूं लागतें तेथपर्यंत ते सहसा जात नाहींत, व त्यांतले थेंब एकमेकांवर आदळून, एकमेकांत मिसळूनच मोठे होतात. आमच्याकडचा भाद्रपद-आश्विनांतला पाऊस याच्या अगदीं उलट. पश्चिमेचा वारा मंदावतो, जमीन तापते, दमट हवा सरळ वर उफाळते, आणि दुपारनंतर दहा-बारा किलोमीटर उंचीचा काळा ढग उभा राहून, गारा-विजांसह तासाभरांत दोन गांवांना झोडपून तिसऱ्याला कोरडें ठेवून निघून जातो. ल्यूक हॉवर्ड नांवाच्या लंडनच्या एका औषधविक्या गृहस्थानें १८०२ सालीं ढगांच्या जाती पाडून त्यांस लॅटिन नांवें दिलीं. आपल्या पुस्तकांतले तंतुमेघ, राशिमेघ, स्तरमेघ हे त्यांचेच मराठी अवतार. माणदेशाला ही विद्या अडाण्यासहि येते, फक्त नांवें निराळीं.

जुनीं माणसें सांगतात कीं, पूर्वीं पावसाळ्यांत महाबळेश्वर ओस पडे, आणि राहिलेल्या घरांच्या भिंतींना गवताच्या ताट्या बांधीत. आतां पाऊस पाहावयासच मंडळी येतात. आमच्या शेजारच्या टपरींत असें एक तरुण जोडपें कणीस खात हंसत उभें होतें. तात्या त्यांच्याकडे व रस्त्यानें वाहून चाललेल्या लाल पाण्याकडे आळीपाळीनें पाहत होते. मला वाटलें, त्यांना हेवा वाटत असेल. पण ते म्हणाले, “हें पाणी धरून ठेवावयास माती कुठें राहिली असेल रे इथें?”

त्यांचें म्हणणें खरें होतें. २०२१ च्या जुलैंत महाबळेश्वरीं एका दिवसांत ५९० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला, म्हणजे आमच्या साऱ्या वर्षापेक्षां जास्त. आणि त्याच दिवसांत डोंगराखालच्या महाड तालुक्यांत तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं.

क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत गेलों. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पांच नद्यांचे प्रवाह तेथें एकत्र दाखवितात. पुजाऱ्यांनीं सांगितलें कीं, सावित्री पश्चिमेस कोंकणांत उतरून समुद्रास मिळते, कृष्णा पूर्वेस जाते. तात्यांनीं गोमुखाखालीं ओंजळ धरिली व डोळे मिटून उभे राहिले. मागाहून म्हणाले, “एकाच देवळाच्या छपरावर पडलेला पाऊस. एक थेंब इकडे पडला तर दोन दिवसांत समुद्रांत, आणि तिकडे पडला तर साऱ्या देशाची यात्रा करून. आपल्या माणेचें पाणीहि भीमेंतून शेवटीं कृष्णेलाच मिळतें ना?” मिळतें, असें मीं सांगितलें. कधीं पाणी असेल तेव्हां, हें दोघांच्याहि मनांत आलें असावें.

परततांना एस. टी. ची वाट पाहत असतां मीं तात्यांस पुण्याच्या संस्थेची हकीकत सांगितली. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें २०१२ सालापासून महाबळेश्वरीं ढगांची प्रयोगशाळा चालविली आहे. कारण इतर ठिकाणीं ढगांत जावयास विमान लागतें, येथें ढग स्वतःच यंत्रापाशीं येऊन बसतो. आपल्या देशांत हवामानखातें १८७५ सालीं स्थापन झालें, आणि हिमालयांतला बर्फ पाहून पहिला मान्सूनचा अंदाज १८८६ सालीं देण्यांत आला. खात्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें; पुढें तें दिल्लीस गेलें, पण पुणेकरांच्या तोंडीं ती इमारत ‘सिमला ऑफिस’च राहिली, आणि शेतीच्या हवामानाचें काम १९३२ सालीं सुरू झालें तें पुण्यांतच. तात्यांनीं एवढें सगळें ऐकून घेऊन मूळ प्रश्न पुन्हां विचारला, “मग आपली बाजरी कां जळली?”

त्याचें उत्तर मीं पुण्याहून निघण्यापूर्वींच शोधून ठेविलें होतें, पण बोलण्याचा धीर होत नव्हता. तो अंक मीं रद्दींतून काढून पुन्हां वाचिला होता. मथळ्यांत सातारा जिल्हा होता. खालीं पांचव्या ओळींत मात्र स्पष्ट छापलें होतें: घाट विभागांत तुरळक ठिकाणीं मुसळधार ते अतिमुसळधार. पूर्व भागांत तुरळक ठिकाणीं हलका पाऊस. मीं मथळा वाचून फोन उचलला होता. हें मीं तात्यांस तेथें, त्या टपरींत, पावसाच्या आवाजांत सांगितलें.

या शब्दांना खात्याच्या भाषेंत ठराविक अर्थ आहेत, आणि ते प्रत्येक घरांत ठाऊक असावेत असें मला आतां वाटतें. ‘तुरळक ठिकाणीं’ म्हणजे त्या भागांतल्या फार तर पाव केंद्रांवर. ‘कांहीं ठिकाणीं’ म्हणजे पावापासून निम्म्यांवर. ‘बऱ्याच ठिकाणीं’ म्हणजे निम्म्यांहून अधिक, पण पाऊणांपर्यंत. त्याच्यावर ‘बहुतांश ठिकाणीं’. ‘मुसळधार’ हाहि अलंकार नव्हे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पडला तर मुसळधार, २०४ पर्यंत अतिमुसळधार, आणि त्याच्यावर अत्यंत मुसळधार. अलीकडे घाटमाथ्याचा इशारा जिल्ह्यापासून वेगळा काढून देतात तो याचसाठीं. गणिताच्या यंत्रांवर चालणाऱ्या अंदाजांत सारा देश चौकटी आंखल्याप्रमाणें विभागलेला असतो. ती चौकट पुष्कळ काळ बारा किलोमीटरांची होती, आणि २०२५ च्या मे महिन्यांत सहा किलोमीटरांची पद्धत सुरू झाली. महाबळेश्वर व पांचगणी यांतलें अंतर डोळ्यांपुढें आणलें म्हणजे या बारांचे सहा होण्याचें महत्त्व ध्यानांत येईल. तरीहि भाद्रपदांतला तो एकटा उभा ढग कोणत्या बांधावर फुटेल, हें दोन दिवस आधीं सांगणारी चौकट अजून निघालेली नाहीं.

तात्यांनीं ‘तुरळक’चा अर्थ दोनदां विचारून घेतला. मग म्हणाले, “शंभरांत पंचवीस. आणि आपण नेहमींच उरलेल्या पंचाहत्तरांत.” माझ्या पांचव्या ओळीविषयीं ते कांहींच बोलले नाहींत. गाडी आली तेव्हां चढतांना त्यांनीं माझा हात धरिला आणि पुसेगांवपर्यंत तो सोडिला नाहीं. घाटांत गाडी हेलकावे खात होती म्हणून कीं आणखी कशानें, तें मीं विचारलें नाहीं.

गांवीं परतल्यावर दुसरेच दिवशीं तात्यांनीं निर्णय सांगितला. तालुक्याचा पांच दिवसांचा अंदाज हलक्या पावसाचा होता, आणि बांधाशेजारीं ओल दोन बोटेंहि नव्हती. मोठ्या रानांत बाजरी पुन्हां पेरावयाची नाहीं. तें नांगरून, कुळवून रब्बीच्या ज्वारीसाठीं राखावयाचें. माळावरच्या तीन एकरांत हुलगा आणि मटकी टाकावी. आली तर आली. बंधूंना बाजरी हवी होती, त्यांनीं दोन घटका वाद घातला, पण शेवटीं मान तुकविली. नातीच्या फीचे पैसे मीं वहिनींपुढें ठेविले. त्यांनीं ते मुकाट्यानें मोजून घेतले आणि डब्यांत ठेविले. त्यांनीं नको म्हटलें असतें तर मला अधिक बरें वाटलें असतें कीं वाईट, याचा उलगडा मला अजून झालेला नाहीं.

पोह्यांचा एक सरळ उभा डबा मुलांनीं घासूनपुसून अंगणांत, झाडाच्या आडोशापासून दूर, दोन विटांत घट्ट बसविला. रोज सकाळीं साडेआठ वाजतां पट्टी बुडवावयाची आणि कॅलेंडरावर आंकडा लिहावयाचा, हें काम धाकट्या नातीकडे आलें. जुलैंत तिनें लिहिलेले आंकडे मला फोनवर कळत: शून्य, शून्य, दोन, शून्य, एक. श्रावणांत एकदां अकरा आले तेव्हां हुलग्यानें मान वर काढली.

उत्तरा नक्षत्र संपत आलें असतां एके सकाळीं फोन आला. “पुण्याचे आजोबा, एकेचाळीस!” ती ओरडून सांगत होती. मागें भांड्यांचा व माणसांचा गलका ऐकूं येत होता. मग तात्यांनीं फोन घेतला. “चांगली वीतभर गेली आहे,” ते म्हणाले. “पाभर बाहेर काढली आहे. पण तुझ्या पत्रांत काय आहे तें आधीं सांग.”

मीं पत्र उघडलें, मथळ्यावर हात ठेविला, आणि खालची पहिली ओळ वाचून दाखवूं लागलों.